दक्षिणेकडची कौलं

कृष्णातच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र पंच्याऐंशीच्या डिसेंबरात आलं आणि नंतर दोन महिने माझ्या ट्रंकेत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यावर पडून राहिलं. रोज ट्रंक उघडली की ते दिसायचं. मी त्यावर दुसरं मासिक ठेवायचो, आणि दुसऱ्या दिवशी वाचायला नेमकं तेच मासिक उचलायचो.

कृष्णात माझा विद्यार्थी. आमच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकला, पुढं बेंगळूरला गेला आणि सूर्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या कारखान्यात लागला. त्यानं लिहिलं होतं, ‘गुरुजी, एक संच तुमच्या मळ्यातल्या घरी वापरून बघायला पाठवतो. एक पत्रा, एक बॅटरी, एक नळीचा दिवा. जानेवारीअखेर आमची गाडी तो आणून देईल आणि शिवरात्रीला परत येईल, तेव्हा ठरवायचं. ठेवायचा असेल तर तुमच्या वाट्याचे चोवीसशे द्यायचे, नसेल तर परत द्यायचा. बाकीचे सरकार भरतं. दिवा किती तास चालतो ते दर शनिवारी लिहून कळवा, आणि शेवटी खरं सांगा, हे आपल्या लोकांना परवडतं का? माळावरच्या बावीस घरांचं तुमच्या उत्तरावर ठरणार आहे. इथल्या साहेबांना मी सांगितलंय की गुरुजी लिहितील ते खरं.’

शेवटचं ते वाक्य वाचून मी पत्राची घडी केली आणि ते ट्रंकेत टाकलं.

आमचं घर निपाणीपासून सहा मैलांवर, माळाच्या उतरणीला. विजेचा शेवटचा खांब खाली ओढ्यापाशी संपलेला. वर खांब आणायचे तर खर्च आपला, असं ऑफिसातून सांगितलेलं. घरात आम्ही तिघं. थोरला भाऊ अण्णाप्पा, त्याची बायको तानीबाई आणि मी. अण्णाच्या मुली सासरी. माझी बायको रुक्माबाई जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी पेन्शनवर, आणि शेतात माझा उपयोग फार नाही. तंबाखूची चार पानं तोडली की माझी कंबर धरते.

जानेवारीअखेर गाडी आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गाडीवरचा माणूस एकटाच, कानडी बोलणारा, घाईत. त्यानं निळसर काचेचा पत्रा खाली उतरवला, घराकडे बघितलं, हातानं सूर्याची वाट मोजली आणि शिडी दक्षिणेकडच्या कौलांना लावली.

“थांब थांब,” अण्णा गोठ्यातनं पळत आला. “हिकडं न्हाय. तिकडच्या अंगाला लाव.”

तो माणूस म्हणाला, “दक्षिण. दक्षिण बेकु.” म्हणजे दक्षिणच हवी.

“त्येच म्हंतोय मी. दक्षिणंला न्हाय. आमच्या घरात कशाचंबी तोंड दक्षिणंला न्हाय. चूल न्हाय, जातं न्हाय, म्हशीची दावण न्हाय. उत्तरंला लाव.”

गाडीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात त्यानंच दिलेली पुस्तिका होती, अर्धी इंग्रजी, अर्धी कानडी. दुसऱ्या पानावर घराचं चित्र होतं आणि त्यावर ठळक बाण. दक्षिण. मी ते वाचलं होतं. कानडी अक्षर अक्षर जुळवून मी दोनदा वाचलं होतं.

“काय मास्तर?” अण्णानं विचारलं. “उत्तरंला लावलं तर चालतंय न्हवं? तुझ्या बुकात काय हाय?”

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“चालेल,” मी म्हणालो.

गाडीवाल्यानं खांदे उडवले, शिडी फिरवली आणि पत्रा उत्तरेकडच्या कौलांवर बसवला.

हे मी का म्हणालो ते सांगायला हवं. घराच्या मागच्या खोलीत दक्षिणेच्या भिंतीवर एक चौकोन आहे, बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरट. तिथं खिडकी होती. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मी भिंत फोडून ती बसवून घेतली होती, वाचायला उजेड यावा म्हणून. अण्णा नको म्हणत होता. मी शिकलेला, मी ऐकलं नाही. सुतारानं चौकट बसवली चैत्रात, आणि पौषात रुक्मा गेली. तिसऱ्या दिवशी अण्णानं स्वतःच्या हातानं विटा लावून खिडकी बुजवली. मला त्यानं विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. अकरा वर्षांत त्या चौकोनाविषयी घरात एक शब्द निघाला नाही.

पहिले चार दिवस दिवा झकास चालला. बॅटरी भरूनच आलेली होती. वैनी संध्याकाळी सूप मांडीवर घेऊन दिव्याखाली बसली, तेंदूची पानं कात्रीनं कापली, चिमटीनं तंबाखू भरली आणि वळायला लागली. दहा-पंधरा बिड्या झाल्यावर हात थांबवून तिनं वर बघितलं.

“भावजी,” ती हळूच म्हणाली, “दोरा दिसतोय मला.”

अण्णाला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं, आणि मी घाबरलो. दोरा दिसतोय म्हणजे इतके दिवस दिसत नव्हता.

पुढच्या आठवड्यात ते स्पष्ट झालं. तयार बिड्या घेऊन वैनी दर पंधरवड्याला गावातल्या बिडी-केंद्रावर जायची. त्या दिवशी तिच्या पायात काटा मोडला होता म्हणून टोपली घेऊन मी बरोबर गेलो. केंद्रावर बायकांची रांग. मेजामागं मारुतीराव चेकर, कानाला पेन्सिल. तो प्रत्येक बंडल तळहातावर आपटायचा, बोटानं चाचपायचा. वैनीचं बंडल त्यानं सोडलं आणि एकेक बिडी दोन बोटांत मोडून खाली टाकायला लागला.

“ही ढिली. ही बी. हिचं तोंडच दुमडलं न्हाय. तानाक्का, डोळं घरात ठिवून आलीस व्हय?”

रांगेतल्या बायका हसल्या. एक म्हणाली, “म्हातारीला आता नातवंडं वळू दे, बिड्या कशाला?”

“दिवाळीपासनं दोनदा लिवलंय तुझ्या नावावर,” मारुतीराव म्हणाला. “आता येकदा एवढी छाट निगाली की बिडीकामाचं कार्ड कापणार. मला वरनं बोलणी बसत्यात.”

वैनी मोडलेल्या बिड्यांकडं बघत होती. वाकून तिनं त्यातली तंबाखू पदरात गोळा केली. छाट झालेल्या, म्हणजे नापास, बिड्यांची तंबाखू बाईच्या हिशोबात धरतात, म्हणून. मी टोपली धरून उभा होतो. तीस वर्षं वर्गात बोललो, पण मेजापलीकडं कुणी बसलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

परत येताना ओढ्यापाशी ती दगडावर बसली.

“ह्यास्नी सांगू नगासा,” ती म्हणाली. “दिस मावळला की मला धुकं दिसतंय, दोन वरसं झाली. दिवसा रानात असती, तवा वळायचं ते सांजच्यालाच. चिमणीच्या उजेडात मी बोटानं वळती, डोळ्यानं न्हाय.”

“दवाखान्यात दाखवू.”

“बगू सुगी झाल्यावर.” मग म्हणाली, “घर ह्यांचं, रान ह्यांचं, म्हस ह्यांची. त्ये कार्ड तेवढं माझ्या नावाचं हाय, भावजी. पंचवीस वरसं झाली. त्ये गेलं म्हंजी मी काय, हातावर हात ठिवून बसू?”

त्या संध्याकाळी दिवा पाऊण तास चालला. नळीची दोन्ही टोकं तांबडी झाली आणि विझली. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. वैनीनं चिमणी पेटवून जवळ ओढली, इतकी जवळ की ज्योत तिच्या पदराच्या काठाला हलायची. भोवती सुपात सुकी तंबाखू, पानं, दोरे. मी पुस्तक समोर धरून बसायचो, आणि माझं सगळं लक्ष त्या काठाकडं. एकदा काठानं पेट घेतला. चार बोटं जागा जळली. तिनं हातानंच दाबून विझवलं आणि पुढची बिडी घेतली.

“ह्येच्यापरास आपली चिमणी बरी,” अण्णा म्हणाला. “चोवीसशे कशाला घालायचं ह्या खेळण्यात? म्हस इकावी लागंल. मास्तर, तू हिशोब घाल की. तुला सांगितलंय न्हवं त्या पोरानं?”

मी हिशोब घातला. वहीच्या पानाला मध्ये रेघ मारली. दोन चिमण्या आणि कंदील मिळून महिन्याला सात लिटर रॉकेल, सव्वादोन रुपयांनी. वर्षाला एकशे एकोणनव्वद. चोवीसशे फिटायला बारा वर्षं आठ महिने. त्यात चार वर्षांनी नवी बॅटरी. म्हणजे परवडत नाही. हिशोब बरोबर होता. मी तो तीनदा पडताळला, आणि प्रत्येक वेळी मला माहीत होतं की हा हिशोब उत्तरेकडच्या कौलांचा आहे. दिवा तीन तास चालला तर वैनी चारशे बिड्या जास्त वळते, हे मी पहिल्या चार दिवसांत डोळ्यांनी पाहिलं होतं. हजाराला नऊ रुपये. ते धरलं तर दोन वर्षांच्या आत सगळं फिटत होतं. पण ती ओळ लिहायची तर पत्रा दक्षिणेला हवा, आणि तो दक्षिणेला करा असं सांगायला माझं तोंड उघडत नव्हतं.

शनिवार येत आणि जात होते. मी कृष्णातला काय लिहिणार? अर्धा तास चालतो असं लिहिलं तर ते खरंच होतं, आणि खोटंही. त्याच्यावर बावीस घरं अंधारात राहिली असती. दिवसा मी रानात पलटलेली पानं मोजत फिरायचो, उगाच. अण्णा म्हणायचा, “मास्तर, पानं मोजून वजन वाढत न्हाय.”

फेब्रुवारीच्या मध्याला, सोमवारी, अण्णा तंबाखूचा भाव विचारायला निपाणीच्या वखारीत गेला. वैनी अंगणात पानं कापत होती. केंद्रावर बिड्या न्यायला पाच दिवस उरले होते. मी पुस्तिका घेऊन तिच्यापुढं गेलो. दुसरं पान उघडून ती जमिनीवर ठेवली.

“वैनी, हा बाण बघा. पत्रा दक्षिणेला हवा होता. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.”

तिनं कात्री थांबवली नाही.

“मला बी,” ती म्हणाली. “मी रोज पानं वाळत घालती, भावजी. ह्या दिसात ऊन कुठल्या अंगाला पडतंय त्ये मला बुकात बघाय लागतंय व्हय?”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

“तुमी का न्हाय बोललासा?”

मी मागच्या खोलीच्या दिशेनं पाहिलं. तिनंही पाहिलं.

“रुक्मा माझ्या शेजारी वखारीत चाळणीवर हुती,” ती म्हणाली. “बारा वरसं. तंबाखूची धूळ खाऊन खोकायची. खिडकी पाडायच्या आदी दोन वरसं तिच्या थुकीत रगत पडत हुतं. तिनं मला आन घातलती, तुमास्नी सांगू नगंस म्हणून. तुमी शाळंत, वाचण्यात. तुमच्या ध्यानात आलं न्हाय.”

ते ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. अकरा वर्षं मी एका खिडकीला भीत होतो, आणि आता कळलं की भ्यायची गोष्ट वेगळीच होती. घरातलं माणूस रक्त थुंकत होतं, आणि मी पुस्तकातनं मान वर केली नव्हती.

“आणि तरीसुद्धा,” मी म्हणालो, “मला भीती वाटते वैनी.”

“मला बी वाटती. शिडी आना.”

वर मी चढलो. साठी उलटलेला माणूस, आयुष्यात कधी कौलावर न चढलेला. वैनीनं खाली शिडी दोन्ही हातांनी धरली. पान्यानं चार नट सैल करायला मला तासभर लागला. दोन कौलं माझ्या गुडघ्याखाली फुटली. पत्रा छातीशी धरून आढ्यावरनं पलीकडं सरकवताना मला खाली सगळा माळ दिसला, कापलेल्या तंबाखूच्या ओळी, आणि दूर मसणवटीतली दोन झाडं. ती दक्षिणेलाच आहेत. मी डोळे मिटून नट आवळले.

त्या संध्याकाळी दिवा तासभर चालला. मंगळवारी दोन तास. बुधवारी झोपायच्या वेळी वैनीनंच तो बंद केला. अण्णा म्हणाला, “सुदारलं की बेनं!” आणि जेवायला बसला. तो वर बघत नव्हता. मला वाटलं, बघितलं नाही. तीन दिवस मी त्याच्या प्रत्येक खोकल्याकडं कान लावून होतो. शिंकला तरी मी पुस्तक मिटून त्याच्याकडं बघायचो.

गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला अण्णा रानातनं आला तो बांध धरत धरत. तोंड पांढरंफटक, अंगावर घामाच्या धारा. अंगणात पोचला आणि ओकला. परत ओकला. पाय लटपटत होते. मी त्याला धरलं तर त्याचं मनगट बर्फासारखं गार लागलं. रुक्माचं लागलं होतं तसं.

मी त्याला तसाच ओट्यावर टेकवला आणि शिडीकडं पळालो. मी काय करतोय हे मला कळत होतं. भाऊ ओकतोय आणि मी शिडी ओढतोय. शिडी भिंतीला लावून मी दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला, तोच खालनं ती कुणीतरी जोरात हिसडली.

“उतरा खाली,” वैनी म्हणाली.

“सोडा वैनी. आधी तो पत्रा...”

“उतरा म्हंती न्हवं! त्यास्नी तंबाखू चढलीया. म्या नगं म्हंताना दवात तोडाय गेलतं. वला पाला कवळ्यात धरला की चढणारच.”

“अण्णाला कधी चढत नाही. चाळीस वर्षांत...”

“चाळीस वरसं ऊन पडल्यावर जात हुतं. आज गेलं पाचाला. का गेलं? बाजाराला म्हस न्यायची हाय म्हणून.”

शिडी तिनं माझ्या हातातनं ओढून घेतली, आडवी करून गोठ्यात टाकली, दाराला कडी घातली आणि अण्णाकडं गेली. त्याची बंडी काढली. अंगाला चिकटलेला पाल्याचा हिरवट चिकटा तिनं कोमट पाण्यानं पुसला, कोपरापर्यंत, काखेपर्यंत, मानेपर्यंत. लिंबाचं पाणी चमच्यानं पाजलं. मी भांडं धरून बसलो. कडी घातलेल्या दाराकडं माझे डोळे दर मिनिटाला जात होते. दुपारपर्यंत अण्णा तीनदा ओकला. एकदा त्यानं डोळे पांढरे केले तेव्हा मी मनात नवस बोललो, वैनीचं कार्ड गेलं तरी चालेल असाही बोललो. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चारला त्यानं डोळे उघडले.

“मास्तर,” तो म्हणाला, “कवा फिरवलंस?”

मी वैनीकडं पाहिलं. ती पाठमोरी होती.

“सोमवारी.”

“दोन कौलं फोडलीस. मावळतीलाच दिसलं मला.” त्यानं ओठांवरनं जीभ फिरवली. “म्या म्हनलं, बगू. आज का उद्या कायतरी हुईल. तीन रात्री डोळ्याला डोळा न्हाय. आन तुजी वैनी बसलिया बिड्या वळत, गाणं म्हणत. तीस वरसांत पयल्यांदा ऐकलं. तवा म्हनलं, म्हस इकूया. मग घरात भ्या वाटाय लागलं, रानात कमी वाटतंय म्हणून पाचाला गेलो.”

“परत फिरवू का?” मी विचारलं.

त्यानं लिंबाच्या पाण्याचा एक घोट घेतला.

“तू हिशोब घातलास न्हवं वहीत? राकेल, बिड्या, म्हस?”

“घातला.”

“त्यात भ्याचं किती धरलंस?”

“काही नाही.”

“मग चुकलाय तुजा हिशोब,” अण्णा म्हणाला आणि कुशीवर वळला. मग भिंतीकडं तोंड करूनच म्हणाला, “ऱ्हाऊ दे तसंच. फुटकी कौलं तेवढी बदल. वळीव आला की गळंल.”

शनिवारी वैनी केंद्रावर गेली. मी बरोबर गेलो, टोपली धरून. मारुतीरावानं बंडल आपटलं, चाचपलं, सोडलं. एक मोडली, दोन मोडल्या, तीन. मग त्यानं पेन्सिल कानावरनं काढली, कार्डावर आकडा लिहिला आणि कार्ड मेजावरनं सरकवलं.

“कुणाकडनं वळून घेतल्यास?” तो म्हणाला.

“त्यांनीच वळल्यात,” मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मारुतीरावानं “आं?” केलं. मला ते परत म्हणावं लागलं, मोठ्यानं. रांग गप्प झाली. वैनीनं कार्ड कमरेला खोवलं.

पुढच्या बाजारात म्हैस पंचवीसशेला गेली. अण्णा तिला सोडून आला आणि दावणीपुढं बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली आणि कृष्णातचं पत्र काढलं. सकाळपासून चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं:

‘चि. कृष्णात, उशिराबद्दल क्षमा कर. शनिवारचे आकडे पाठवले नाहीत, कारण पहिले तीन आठवडे पत्रा उत्तरेला होता आणि तो चूक आहे हे मला माहीत होतं. दक्षिणेला केल्यावर दिवा तीन तास चालतो. नुसत्या रॉकेलवर पाहिलं तर परवडत नाही, बारा वर्षं आठ महिने लागतात. घरात संध्याकाळी हातानं कमावणारं माणूस असेल तर दोन वर्षांच्या आत फिटतं. आमच्याकडं आहे. आम्ही ठेवतो आहोत. पण बावीस घरांत जाशील तेव्हा पैशाचं नंतर सांग, तोंड दक्षिणेला करावं लागतं हे आधी सांग. लोकांना भ्यायला वेळ दे. तो हिशोबात धर. मी भ्यालो होतो. अजून भितो.’

शेवटची दोन वाक्यं खोडावीत म्हणून पेन टेकवलं. वैनी दारात पानं निवडत होती. तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्यात. खरं हाय न्हवं?”

गावातली पेटी शाळेच्या भिंतीला आहे. पत्र आत टाकलं, पण हात फटीतच राहिला, बोटांना कागदाची कड लागत होती. मग सोडलं. तळाशी पडल्याचा आवाज आला. घरी जायचं सोडून मी समोरच्या कट्ट्यावर बसलो. तीनला पोस्टमन जोतिबा आला, कुलूप काढलं, सगळी पत्रं पोत्यात ओतली.

“काय मास्तर, काय इसरलं व्हय? काढून देऊ?”

मी उठलो. पुढं गेलो. माझं पाकीट वरच दिसत होतं.

“नको,” मी म्हणालो. “जाऊ दे.”

त्यानं पोत्याचं तोंड आवळलं, सायकलीला बांधलं आणि निपाणीच्या वाटेला लागला.